ज्याच्याबद्दल लिहिताय, तो ग्रुपवर आहे का?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दुपारी सव्वातीनला एक फोटो पडला. सीसीटीव्हीच्या पडद्याचा मोबाइलनं काढलेला, त्यामुळे त्यावर आडव्या रेघा. जिन्याच्या वळणावर उभा एक पोरगा. पाठीला काळी सॅक, डोक्यावर टोपी. खाली मजकूर: ‘हा कोण आहे? दोनदा वर-खाली करताना दिसला. सणासुदीचे दिवस आहेत, सावध राहा.’

ग्रुपची ॲडमिन मीच. बँकेतून निवृत्त झाल्यावर सेक्रेटरीपदाचं लोढणं गळ्यात पडलं, त्याबरोबर हेही आलं. मी तो फोटो उचलला, वर ‘कृपया लक्ष द्यावे’ असं लिहिलं आणि शेजारच्या दोन सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकून दिला. वाटलं, केवढी जबाबदार मी!

संध्याकाळी कळलं, तो चौथ्या मजल्यावरच्या आजींचा गुडघ्याचा व्यायाम घ्यायला येणारा फिजिओथेरपिस्ट. लिफ्ट बंद, आजींची बेल बिघडलेली, त्या फोनही उचलेनात, म्हणून बिचारा जिन्यात ताटकळत होता. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या मेडिकलवाल्यानं चार गिऱ्हाइकांसमोर त्याला विचारलं, “काय रे, तूच ना तो फोटोतला?” त्यानंतर तो आमच्या आवारात आला नाही. आजींना दुसरा माणूस शोधावा लागला.

त्याच आठवड्यात आमच्या रस्त्यावर गटाराचं काम अर्धवट सोडून ठेकेदार गायब झाला होता. त्यावर ग्रुपवर एक अक्षर नाही. मी विषय काढला तर उत्तर आलं, “ताई, उगाच राजकारण नको.” म्हणजे महापालिकेला जाब विचारायला आम्ही भितो आणि अनोळखी पोराचा चेहरा मात्र बिनधास्त तीन ग्रुपांवर फिरवतो. राज्यघटना आणि कोर्टाचे निकाल वाचत गेले तसं लक्षात आलं, आपण सगळं उलटं धरून बसलोय. सत्तेबद्दल बोलायची मोकळीक आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त आहे, आणि साध्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर आणायची मोकळीक बरीच कमी.

तेव्हापासून मी काय पाळते आणि ग्रुपवर काय पाळायला लावते, ते इथे ओळीनं लिहिते. वकील नाही मी. प्रकरण अंगाशी आलं तर वकीलच गाठा.

पायरी १: आधी अर्धा तास स्वतःच्या फोनसाठी

हे कंटाळवाणं आहे, म्हणून एकदाच बसून उरकून टाका.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’त जा. प्रोफाइल फोटो, लास्ट सीन, स्टेटस, सगळं ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर आणा. तिथेच ‘ग्रुप्स’ असा पर्याय आहे. तोही बदला, नाहीतर कुणीही ऐरागैरा तुम्हाला शेअर बाजाराच्या ग्रुपात ओढतो. मग ‘अकाउंट’मध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करून सहा आकडी पिन ठेवा. जन्मतारीख टाकू नका, ती तुमच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या फोटोतल्या केकवरून निघते. शेवटी ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघा. ऑफिसच्या किंवा झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर कधीकाळी उघडलेलं व्हॉट्सॲप तिथे अजून चालू दिसलं, तर तिथूनच बंद करा.

फेसबुकवर दोन गोष्टी. जुन्या पोस्टी एकदम ‘फ्रेंड्स’पुरत्या करायची सोय आहे, ती वापरा. आणि कुणी तुम्हाला टॅग केलं तर ते तुमच्या पानावर दिसण्याआधी तुमची परवानगी लागेल, असं सेटिंग करा. इन्स्टाग्रामवर पोरांची खाती प्रायव्हेट ठेवा.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. व्हॉट्सॲपचे मेसेज वाटेत कुणी वाचू शकत नाही हे खरं, पण वाचणारा माणूस दुसऱ्या टोकाला फोन घेऊन बसलेला असतोच. त्याच्या बोटाला स्क्रीनशॉट काढता येतो. ‘हे फक्त आपल्यात’ असं लिहून पाठवलेल्या मजकुराचेच स्क्रीनशॉट जास्त फिरतात, हा माझा अनुभव.

पायरी २: आपला हक्क नेमका कुठपर्यंत, हे एकदा समजून घ्या

१७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीनं त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीनं त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली. हो, लाइक करणारीलाही. त्यातल्या एकीच्या नातेवाइकाचा दवाखाना जमावानं फोडला. पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले, प्रकरण बंद झालं. पण त्या अटकेसाठी जी कलमं लावली होती त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. ‘त्रासदायक’, ‘घोर आक्षेपार्ह’ असं काही ऑनलाइन लिहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास कुणाला, किती, याचं माप कुठेच नाही.

श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयानं हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. आज कुणी तुम्हाला ‘६६अ लावीन’ म्हणून दम दिला तर शांतपणे सांगा, ते कलम मेलं. गंमत म्हणजे ते मेल्याचं अनेक पोलीस ठाण्यांपर्यंत पोचायलाच वर्षं गेली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका.

दुसरं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातलं. एका कॉलेजातल्या प्राध्यापकानं व्हॉट्सॲप स्टेटसवर ३७० कलम हटवल्याच्या दिवसाला ‘काळा दिवस’ म्हटलं आणि पाकिस्तानला १४ ऑगस्टच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले पोलिसांनी गुन्हा नोंदवला, मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०२४ ला तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करायचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे, आणि एखाद्या मजकुराचा परिणाम काय होईल हे हळव्या, डळमळीत मनाच्या माणसावरून नव्हे, तर समंजस माणसावरून ठरवायचं, असं न्यायालयानं सांगितलं. तुम्हा-आम्हाला ते स्टेटस पटो न पटो. न पटणाऱ्या बोलण्यासाठीच हा हक्क लागतो. ‘शुभ सकाळ’ म्हणायला घटनेचं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं १९वं कलम कशाला हवं?

पण पालघरच्या त्या दोघींना अटक सोसावी लागली आणि या प्राध्यापकाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, हेही विसरू नका. हक्क असणं आणि तो बजावताना मनस्ताप न होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हक्काला कुंपण आहेच. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी अशी कारणं घटनेतच मोजून दिली आहेत. ‘माझ्या भावना दुखावल्या’ हे त्या यादीत नाही. मात्र धर्म, जात, भाषा यांवरून समाजगटांत वैर पेटवणं हा भारतीय न्याय संहितेच्या १९६व्या कलमाखाली गुन्हा आहे. ‘ही लोकं अशीच’ या धाटणीचं वाक्य बोटाखाली आलं की मी हात मागे घेते. त्यात माहिती कधीच नसते, नुसती आग असते.

खासगीपणाचं काय? २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमतानं तो मूलभूत हक्क ठरवला. नंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण त्यातली मेख लक्षात घ्या. एखादी व्यक्ती घरगुती किंवा वैयक्तिक कारणासाठी जी माहिती वापरते, तिला तो कायदा लागू नाही. बँक, ॲपवाले यांच्यासाठी तो आहे. मावशींनी तुमच्या साखरपुड्याचा फोटो तुमच्या आधी टाकला तर तो कायदा धावून येणार नाही. तिथे मावशींनाच समजवावं लागेल.

सरकारी नोकरीत असाल तर आणखी एक गाठ आहे. वर्तणूक नियम सोशल मीडियालाही लागू असल्याचं राज्य सरकारनं जुलै २०२५ मध्ये वेगळा निर्णय काढून स्पष्ट केलं. तो शासन निर्णय वाचून मगच सरकारी धोरणावर लिहा. आणि नातेवाईक आखातात असतील तर त्यांना सांभाळा: संयुक्त अरब अमिरातीत विनापरवानगी दुसऱ्याचा फोटो पसरवणं आणि मेसेजवरून शिवीगाळ करणं, दोन्ही गुन्हे आहेत. आमच्या घरच्या ग्रुपवर भांडण पेटलं की दुबईतला आतेभाऊ नुसता हात जोडल्याचं चिन्ह टाकतो. शहाणा आहे.

पायरी ३: फोटो टाकण्याआधी त्यातल्या माणसाला बघा

मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: ज्याच्याबद्दल हे आहे, तो या ग्रुपवर आहे का? असेल, तर तो उत्तर देऊ शकतो. नसेल, तर आपण त्याच्या पाठीमागे बोलतोय आणि ऐकणारे दोनशे आहेत.

मुलांचे फोटो: शाळेचा गणवेश, ओळखपत्र, रिक्षाकाकांचा नंबर, क्लासची वेळ असं सगळं एकाच फोटोत येतं. पहिल्या दिवशीचा फोटो आजी-आजोबांना पाठवायचा तर खुशाल पाठवा, जगाला दाखवायचा तर बिल्ला झाका. आंघोळीचे, रडतानाचे फोटो गोड वाटतात. पोरगं चौदा वर्षांचं झालं की वर्गातले त्यावरून त्याला छळतात. आणखी एक बारकावा: व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की तो कुठे काढला याची नोंद त्याच्यासोबत जाऊ शकते. घराच्या गॅलरीतला फोटो अनोळखी माणसाला तसा पाठवू नका.

दवाखान्यातले फोटो: नळ्या लावलेल्या आजोबांचा फोटो टाकून ‘प्रार्थना करा’ म्हणू नका. प्रार्थनेला फोटो लागत नाही.

अपघात आणि प्रेतं: नाही. यावर चर्चाही नको.

आता जिथे सर्वात जास्त चांगली माणसं चुकतात ते. बलात्काराची किंवा लैंगिक अत्याचाराची बातमी आली की ‘न्याय मिळालाच पाहिजे’ म्हणत पीडितेचं नाव, फोटो, गाव फिरू लागतं. ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या ७२व्या कलमाखाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा. ती गेली असली तरी. मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायदाही तेच सांगतो. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीचं नाव आणि फोटो इतके फिरले की २० ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला ते सगळीकडून काढून टाकायचा आदेश द्यावा लागला. ते फिरवणारे तिच्या बाजूनेच होते.

आणि सीसीटीव्ही. आमच्या सोसायटीत आता नियम आहे: संशय आला तर फुटेज सेक्रेटरी आणि वॉचमननं बघायचं, आधी गेटच्या रजिस्टरशी ताडायचं, गरज वाटली तर ११२ ला फोन किंवा पोलीस चौकी. ग्रुपवर चेहरा नाही. फार तर ‘दुपारी तीनच्या सुमारास अनोळखी व्यक्ती दिसली, दारं बंद ठेवा’, एवढंच. त्या दिवशी कुणी गेटचं रजिस्टर उघडलं असतं तर त्यात त्या मुलाचं नाव, वेळ आणि ‘४०२, आजी’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं.

पायरी ४: फॉरवर्ड करण्याआधी थांबा, कारण माणसं मेली आहेत

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातली सोलापूरकडची पाच माणसं तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आधीच परिसरात फिरत होते. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं.

त्या काळात देशभर जो व्हिडिओ सर्वाधिक फिरला, मोटारसायकलवरून येऊन रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेणारे दोघे, तो मुळात कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये शेवटी ते मुलाला परत सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढा भाग कुणीतरी कापला होता. व्हिडिओ खरा असतो आणि गोष्ट खोटी असते, ते असं. नुसतं ‘व्हिडिओच आहे की, खोटा कसा असेल’ म्हणून चालत नाही.

या घटनांनंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली आणि २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. मेसेजवर दुहेरी बाण दिसला की समजा, हा निदान पाच हातांतून आलाय. म्हणजे पाठवणाऱ्या काकांनाही तो कुठून आला ते ठाऊक नाही.

तपासायचं कसं? व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढा, तो गूगल लेन्सला द्या. जुना असेल तर बहुतेक वेळा मूळ सापडतं. पाट्यांची भाषा, गाड्यांचे नंबर, पोलिसांचा गणवेश बघा. नाशिकचा म्हणून आलेल्या व्हिडिओत दुकानांच्या पाट्या बंगालीत असतात, आणि ते कुणी बघत नाही! केंद्र सरकारच्या योजनांबद्दल काही असेल तर पीआयबीचं, म्हणजे केंद्राच्याच पत्र सूचना कार्यालयाचं, फॅक्ट चेक बघा. मजकुरात तारीख नसेल, ‘आत्ताच’, ‘ताबडतोब’, ‘जास्तीत जास्त शेअर करा’ असेल, तर तो मुकाट्यानं पुसा.

‘मी नुसतं फॉरवर्ड केलं, लिहिलं थोडंच?’ हा बचाव चालत नाही. तामिळनाडूतल्या एका माजी आमदारांनी महिला पत्रकारांबद्दलची घाणेरडी पोस्ट पुढे पाठवली, मग पुसली, माफीही मागितली. मद्रास उच्च न्यायालय २०२३ मध्ये म्हणालं, पाठवलेला मेसेज हा धनुष्यातून सुटलेला बाण आहे, त्यानं केलेल्या जखमेची जबाबदारी सोडणाऱ्याची. डोळ्यांत औषध घातलं होतं म्हणून पोस्ट वाचता आली नाही, असं त्यांच्या वतीनं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं गेलं. तिथेही दाद मिळाली नाही. वाचता येत नव्हतं तर पाठवायला कसं आलं, असा प्रश्न कुणालाही पडेल.

पायरी ५: तक्रार बिनधास्त लिहा, पण अशी

माझ्या मते हा या लेखातला सगळ्यात कामाचा भाग. लोक एकतर गप्प बसतात नाहीतर शिव्या देतात. मधला रस्ता कुणी शिकवत नाही. नमुन्यादाखल एक पोस्ट घेऊ. फ्लॅटचा ताबा रखडलेल्या माणसानं रागाच्या भरात लिहिलेली:

‘हा बिल्डर एक नंबरचा चोर आहे. शेकडो लोकांना टोपी घातलीय. पोलिसांनाही पैसे चारलेत. याच्याकडे कुणी फिरकू नका.’

राग शंभर टक्के खरा आहे. पण ‘चोर’ हा गुन्ह्याचा आरोप झाला, तो सिद्ध करायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. ‘शेकडो’ कुठून आणणार? आणि पोलिसांना पैसे चारल्याचं लिहून त्यानं दुसरा, जास्त ताकदवान प्रतिपक्षी स्वतःच उभा केला. आता हेच असं लिहा (यातलं महारेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण):

‘मार्च २०२१ मध्ये मी या प्रकल्पात फ्लॅट घेतला. करारात ताब्याची तारीख डिसेंबर २०२३ आहे. आज जून २०२५. काम सातव्या मजल्यावर थांबलंय, फोटो कालचा आहे. दोन पत्रांना उत्तर आलं नाही. मी महारेराकडे तक्रार केली आहे. माझा अनुभव अतिशय वाईट आहे. पैसे भरण्याआधी महारेराच्या साइटवर या प्रकल्पाची माहिती जरूर बघा.’

दुसरी पोस्ट जास्त झोंबते, आणि तिच्या प्रत्येक वाक्यामागे कागद आहे. बदनामीचं कलम आता न्याय संहितेत ३५६ आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. पण त्याच कलमात अपवाद दिलेत: गोष्ट खरी असेल आणि ती सांगणं लोकहिताचं असेल तर ती बदनामी नव्हे, लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल प्रामाणिकपणे मांडलेलं मतही नव्हे. फौजदारी कायद्यात नुसतं खरं असून भागत नाही, लोकहितही लागतं. शेजारणीचा घटस्फोट खरा असेल; तो जाहीर करण्यात कुणाचं हित?

माझी पद्धत अशी: तारीख लिहा, आकडा लिहा, फोटो स्वतः काढलेला लावा, काय हवंय ते सांगा. कामाबद्दल बोला, माणसाच्या जातीबद्दल, बायकोबद्दल, दिसण्याबद्दल चकार शब्द नाही. गटाराची तक्रार मी शेवटी तशीच लिहिली: काम कधी सुरू झालं, कधी थांबलं, खड्डा किती फूट, कुणाचा पाय मुरगळला, वॉर्ड ऑफिसला दिलेल्या अर्जाचा आवक क्रमांक. जाहीर पोस्ट केली, महापालिकेच्या खात्याला टॅग केलं. ‘राजकारण नको’ म्हणणाऱ्यांतल्या सहाजणांनी ती गुपचूप शेअर केली.

आणि रात्री अकरानंतर लिहिलेलं सकाळी चहा झाल्यावर पोस्ट करा.

पायरी ६: ॲडमिन असाल तर

दुसऱ्यानं टाकलेल्या मेसेजसाठी ॲडमिनला तुरुंगात टाकतात, ही भीती अजून फिरते. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं की ॲडमिनचा अधिकार माणसं घेणं आणि काढणं एवढाच. सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा तसा समान इरादा असल्याचं दिसत नसेल तर, ॲडमिन जबाबदार नाही. म्हणून हातावर हात ठेवून बसायचं असं मात्र नाही. कुणाचाही मेसेज सर्वांसाठी पुसायची सोय ॲडमिनला आहे. मी ती वापरते, आणि का पुसला ते एका ओळीत लिहिते.

आमचे नियम तीन आहेत आणि ते ग्रुपच्या वर्णनात लिहिलेत: अनोळखी माणसाचा चेहरा नाही, दुहेरी बाण नाही, कुणाचा फोन नंबर त्याला विचारल्याशिवाय नाही. कुणाला काढलं की ‘हा माझ्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे’ असं ऐकावं लागतं. तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध आहे, सोसायटीच्या ग्रुपवर राहण्याचा हक्क तो देत नाही. भाऊसाहेब, तुम्ही तुमचा ग्रुप काढा, तिथे लिहा.

पायरी ७: आपली चूक झाली तर

‘डिलीट फॉर एव्हरीवन’ साधारण अडीच दिवस चालतं, दुरुस्ती फक्त १५ मिनिटं. पण पुसलं म्हणजे मिटलं नाही. ज्या ज्या ठिकाणी चूक पाठवली, त्या प्रत्येक ठिकाणी खुलासाही पाठवायला हवा. मी तिन्ही ग्रुपांवर हे लिहिलं होतं: ‘काल मी टाकलेला फोटो चुकीचा होता. ती व्यक्ती आमच्या इमारतीत रुग्णाला पाहायला आली होती, रजिस्टरमध्ये रीतसर नोंद आहे. चूक माझी आहे. फोटो पुसा, पुढे पाठवला असेल तर तिथेही हे पाठवा.’ फोटो पुन्हा जोडला नाही, नाव लिहिलं नाही. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ हेही लिहिलं नाही. असल्यास कसलं, दुखावल्याच होत्या.

मग मेडिकलवाल्याकडे जाऊन तोंडी सांगितलं. त्या मुलाला फोन केला. तो “ठीक आहे काकू” म्हणाला, आणि मला त्या तीन शब्दांनी जास्त लागलं. खुलाशाला तीन ग्रुपांत मिळून अकरा अंगठे आले. मूळ फोटो किती जणांनी पुढे पाठवला, ते मला कधीच कळणार नाही.

पायरी ८: आपल्यावर बेतलं तर

पहिलं काम, काही पुसू नका. रागानं चॅट डिलीट करून ब्लॉक करणारे पुरावाच घालवतात. मेसेज, वरचा नंबर, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. फेसबुक-इन्स्टाची पोस्ट असेल तर तिची लिंक कॉपी करून ठेवा, कारण नाव बदलता येतं, लिंक उपयोगी पडते. व्हॉट्सॲप चॅट ‘एक्स्पोर्ट’ करा. ज्या फोनवर आलं तो फोन जपा. कोर्टात डिजिटल पुरावा द्यायचा तर साक्ष अधिनियमाच्या ६३व्या कलमाखाली प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ उपकरण विचारलं जाईल.

मग त्या ॲपमध्येच ‘रिपोर्ट’ करा. तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा; २०२१ च्या नियमांनी प्रत्येक मोठ्या कंपनीला तो नेमायला लावलाय. त्याचंही उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. वकील लागत नाही.

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर यातलं काही करत बसू नका, थेट १९३० ही सायबर हेल्पलाइन फिरवा. पहिल्या तासात केलेल्या फोननं पैसे जिथे गेले ते खातं गोठवता येण्याची शक्यता असते. नावानं खोटं खातं काढलं, धमकी आली, फोटो वापरून ब्लॅकमेल सुरू झालं, तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करा; महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारी नाव न देताही नोंदवता येतात. खासगी फोटो पसरवायची धमकी असेल तर एक छदामही देऊ नका, दिला की मागणी वाढते. सज्ञान माणसांच्या अशा फोटोंसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची मोफत सोय आहे: फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त सांकेतिक ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून त्या तो अडवतात. आणि घरात सांगा. सोळा-सतरा वर्षांची पोरं पोलिसांपेक्षा आईबापांना जास्त घाबरून गप्प राहतात. ‘तुझीच चूक’ हे वाक्य त्या दिवशी तरी गिळा.

बदनामीचं प्रकरण वेगळं. ते अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून घेतील आणि पुढे तुम्हालाच मॅजिस्ट्रेटकडे खासगी तक्रार करावी लागेल. ठाण्यातून ‘नुसती एनसी घेतली’ म्हणून चिडून परतू नका, तिची प्रत मागून घ्या. बऱ्याचदा वकिलाची एक नोटीस गेली की पोस्ट निघते.

एक्स्पोर्ट केलेली फाइल, स्क्रीनशॉट, एनसीची प्रत, हे सगळं स्वतःलाच ईमेल करून ठेवा. फोन पडतो, हरवतो, आणि आमच्याकडे तर नातवानं गेमसाठी जागा करायला म्हणून पुरावा ठेवलेला अख्खा फोल्डर उडवला होता.